सोलापूरच्या पेठेत भिंतचित्र आणि बसण्याची जागा करताना

शहराच्या सुशोभीकरणात बहुधा पुलांचे खांब आणि मोठ्या रस्त्यांलगतच्या संरक्षक भिंती रंगवल्या जातात. वाहनातून जाणाऱ्याला त्या क्षणभर दिसतात, पण त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही. कलेमुळे वस्तीतील माणसे एकमेकांच्या जवळ यावीत असा हेतू असेल, तर जेथे लोक आधीपासूनच थांबतात, तीच जागा निवडावी. साखर पेठ, भद्रावती पेठ किंवा अशोक चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला फिरून कोण कोठे बसते, याची साधी नोंद ठेवावी. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया सावलीबरोबर जागा बदलतात. पाणी येण्याच्या वेळी नळापाशी घोळका जमतो आणि यंत्रमाग कामगार पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीशी रेंगाळतात. या नोंदीतूनच जागा ठरते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यामुळे सावलीची सोय चित्राच्या आधी झाली पाहिजे. सुमारे दीड फूट उंचीचा कट्टा आणि त्यावर कडुनिंबाची सावली किंवा पत्र्याचे छप्पर एवढे झाले, तरी ती जागा दुपारीही वापरात राहते. चित्र कितीही देखणे असले तरी तापलेल्या भिंतीसमोर कोणी बसणार नाही.

विषय ठरवण्याची बैठक एकच घेऊन भागत नाही. मंडळाच्या बैठकीत बहुधा पुरुषच बोलतात, म्हणून स्त्रियांशी त्यांच्या दारात, काम चालू असतानाच बोलावे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडणाऱ्या या शहरात विचारणाऱ्यांपैकी एकाला तरी त्या घरातील भाषा यावी. ‘कोणते चित्र काढू?’ असे विचारल्यास एखाद्या नेत्याचे नाव पुढे येते आणि वाद सुरू होतो. ‘या गल्लीतले काय पुसले जाऊ नये?’ असे विचारल्यास नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा, आजोबांचा हातमाग अशा गोष्टी निघतात. चार हुतात्म्यांचा विषयही येईल आणि तो यायलाच हवा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची आठवण हे शहर एकत्रच करते. मात्र चेहरा रेखाटण्यासाठी कसलेला चित्रकार लागतो. तो नसेल तर त्यांची नावे चारही लिप्यांत सुबक अक्षरांत लिहिणे अधिक आदराचे ठरेल.

सोलापूरकरांच्या हाताशी एक खास साधन आहे आणि त्याचा पुरेसा उपयोग होत नाही, असे मला मनापासून वाटते. जेकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरवतात. ताण्याचा, म्हणजे उभा धागा कोठे वर उचलायचा आणि कोठे खाली ठेवायचा, हे प्रत्येक चौकट सांगते आणि त्यावरून कार्डांना भोके पाडली जातात. हाच कागद भिंतीवर मोठा करता येतो. वीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंतीवर चार इंचांच्या चौकटी आखल्या, तर आडव्या साठ आणि उभ्या तीस, म्हणजे एकूण १,८०० चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत रंगाचा क्रमांक लिहिला की ज्याने कधी ब्रश धरला नाही, असे शाळकरी मूलही काम करू शकते. कागद वाचणारा जुना नक्षीकार येथे आपोआप मार्गदर्शक होतो. गल्लीच्या तोंडाशी घुटमळणाऱ्या तरुणांनाही याच टप्प्यावर सोबत घ्यावे. अमेरिकेतील फिलाडेल्फियामध्ये १९८४ साली भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांनाच हाताशी धरून भिंतचित्रांच्या कामाची सुरुवात झाली होती.

भिंत खाजगी असल्यास मालकाची लेखी संमती घ्यावी आणि भाडेकरूलाही विचारावे. सार्वजनिक भिंतीसाठी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात रेखाटनासह अर्ज द्यावा. भुईकोट किल्ल्यासारख्या संरक्षित वास्तूला हात लावू नये आणि महावितरणच्या डीपीपासून, म्हणजे विजेच्या पेटीपासून, दूर राहावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या ज्या मार्गाने जातात, तेथे रस्त्यावरून आडवी पताका, तार किंवा छप्पर येणार नाही, हे मानकऱ्यांना विचारून आधीच पाहावे.

रंगकाम पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे, कारण उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीवर रंग फार लवकर सुकतो आणि पुढे पोपडे धरतो. नवा गिलावा असेल तर चार आठवडे थांबावे. ओल किंवा पांढरा क्षार दिसला, तर गळती बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुना चुना खरवडून बाहेरच्या भिंतीचे प्रायमर आणि त्यावर ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यावेत. एका लिटरमध्ये दोन्ही हातांसह साधारण पन्नास ते साठ चौरस फूट भिंत होते. पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल-पिवळा लवकर फिका पडतो, तर गेरू आणि पिवळ्या मातीचे रंग टिकतात.

प्रत्येक रंगाचा थोडा साठा आणि त्यांच्या क्रमांकांची यादी गल्लीतील एका घरी ठेवावी, कारण पोपडा निघाला की त्याच आठवड्यात डागडुजी झाली पाहिजे. पहिल्या नोंदीच्याच वेळी पुन्हा फिरून कोण बसते ते पाहावे. स्त्रियांची संख्या घटली असेल, तर कट्ट्याची जागा किंवा दिव्याची सोय बदलावी. दुसरी भिंत हाती घेण्यापूर्वी पहिलीवरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा.