उन्हाळी धान: पाण्याची पाळी आणि कार्बन क्रेडिटचा करार

भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानाचे पऱ्हे रोवणीला येत आहेत. याच दिवसांत कार्बन क्रेडिटचे कागद घेऊन माणसंही गावात येतात. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाण्यापासून वाचवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा हवा तेवढीच तापवणारा दुसरा वायू. सही करण्याआधी या क्रेडिटचा भाव कुठे ठरतो ते समजून घ्या.

बहुतेक वेळा ऐकवला जातो तो युरोपचा भाव. तिथे 2005 पासून वीजकेंद्रं आणि मोठ्या कारखान्यांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा आहे. जेवढे टन, तेवढे परवाने. ज्याचं उत्सर्जन जास्त त्याने विकत घ्यायचे, ज्याचे उरले त्याने विकायचे. भाव ठरतो टंचाईवर. सुरुवातीला परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि 2007 मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. पुढे मर्यादा आवळत गेली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्याने टनाला 100 युरो ओलांडले. मात्र 2021 पासून त्या बाजारात बाहेरच्या देशांतली क्रेडिट चालत नाहीत. आपल्या बांधीतल्या क्रेडिटला तो भाव लावून कुणी हिशेब मांडत असेल, तर तिथेच थांबवा.

भारताची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम 2023 ची. तिची लक्ष्यं सिमेंट, ॲल्युमिनियम अशा उद्योगांना आहेत. धानाचं क्रेडिट मुख्यतः ऐच्छिक बाजारात जातं. तिथे घेणाऱ्यावर कायद्याची सक्ती नसते, म्हणून मोजमापावर विश्वास असेल तरच भाव मिळतो. 2024 मध्ये व्हेरा या नोंदणी संस्थेने चीनमधले 37 भातप्रकल्प नाकारले, ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता एकराचा हिशेब. सतत पाणी साचलेल्या धानातून दक्षिण आशियात हेक्टरी दिवसाला सरासरी 0.85 किलो मिथेन निघतो असं धरतात. 100 दिवसांचे 85 किलो. हवा तापवण्यात मिथेन वायू कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट धरला, तर हे सुमारे 2.4 टन कार्बन डायऑक्साइडइतकं होतं. आलटून-पालटून पाणी दिल्याने, म्हणजे मधेमधे पाणी उतरू देऊन पुन्हा भरल्याने, त्यातला 45 टक्के वाचला, तर हेक्टरी एक टन, म्हणजे एकच क्रेडिट. एकरी 400 किलोच्या आसपास. त्यातून तपासणीचा खर्च आणि कंपनीचा वाटा जायचा आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की ही पद्धत पाणी आणि विजेच्या बचतीसाठी करा, क्रेडिटचे पैसे वरकड समजा. 30 सेंमी लांबीच्या प्लॅस्टिक पाइपच्या खालच्या भागाला भोकं पाडा, तो भाग चिखलात दाबा आणि आतली माती काढून टाका. रोवणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करा. पाइपातलं पाणी जमिनीखाली 15 सेंमी उतरलं की 5 सेंमी पाणी भरा. तण जास्त असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत बांधी कोरडी पडू देऊ नका. इथे चूक झाली तर दाणा पोचट राहतो. विहीर-बोअरवाल्यांना हे सहज जमतं. कालव्याची पाळी ठरलेली असेल, तर पाणी आपल्या वेळेला मिळेलच असं नाही, तेव्हा जपून.

करार मराठीत मागा. माझ्यासमोर आलेल्या एका करारात ‘दर कंपनी ठरवेल’ एवढंच लिहिलं होतं, वाट्याची टक्केवारी कुठेच नव्हती. विक्रीच्या रकमेतला तुमचा वाटा, पैसे देण्याची मुदत, तपासणीचा खर्च कुणाचा, करार किती वर्षांचा आणि मधेच सोडला तर दंड किती, हे कागदावर हवं. एकच गट नंबर दोन कंपन्यांना देऊ नका. पाणी भरल्याची तारीख आणि पाइपातली खोली त्याच दिवशी वहीत लिहा. तपासणीला माणूस आला की पहिल्यांदा तीच मागतो.