जुन्या हॉरर कॉमिक्सचा कुबट वास घालवायचा असेल तर

१९५०च्या दशकातली अमेरिकन हॉरर कॉमिक्स स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापलेली. दमट जागी राहिली की हा कागद वास धरून ठेवतो, आणि उन्हात टाकली तर पानं पिवळी पडतात, मुखपृष्ठाचा लाल रंग उडतो. त्यापेक्षा हे करा:

१. घट्ट झाकणाचा, साधारण ३० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी वाटीत २०० ग्रॅम अॅक्टिव्हेटेड चारकोल (वास शोषणारा खास कोळसा) ठेवून वर मलमलचं कापड बांधा. चारकोल नसेल तर खाण्याचा सोडा चालेल, फक्त वेळ जास्त लागतो.

२. वाटीच्या वर जाळी ठेवा. कॉमिक त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यावर उभं करा, पानं पंख्यासारखी हलकेच उघडी. एका वेळी तीन-चारच.

३. झाकण लावून आठ-दहा दिवस ठेवा. दर दोन दिवसांनी पानांची उघडझाप बदला, नाहीतर मधल्या पानांचा वास तसाच राहतो. पिनांजवळच्या भागाचा वास सगळ्यात उशिरा जातो.

४. मग नव्या पिशवीत, मागे आम्लमुक्त (कागद पिवळा न पाडणारा) पुठ्ठा घालून ठेवा. जुना पुठ्ठा परत वापरू नका, निम्मा वास त्यातच असतो.

सोडा थेट पानांवर भुरभुरू नका. तो कण्यात, म्हणजे पिनांजवळच्या घडीत, अडकतो आणि निघत नाही. डांबरगोळ्या तर नकोतच, त्यांचा वास कुबटापेक्षा चिवट.

बोटाला पूड लागेल अशी बुरशी दिसली, तर ते कॉमिक इतरांबरोबर डब्यात घालू नका.