बॉल पायथनची पेटी: ऊब, ओल आणि तो प्रोब

काचेची पेटी, घट्ट बसणारे झाकण, सहज न कलंडणारे पाण्याचे भांडे आणि सापाच्या अंगासरशी बसतील अशा लपण्याच्या दोन जागा, एक उबदार बाजूला व एक थंड बाजूला, एवढे सामान कोणीही आणतो. कागदपत्रांचेही एका वाक्यात सांगतो: धामण, मांडूळ किंवा आपला अजगर घरात ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी बॉल पायथनची, म्हणजे आफ्रिकेतल्या लहान अजगराचीसुद्धा, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. मी लिहायला बसलो आहे तो थर्मोस्टॅटच्या प्रोबसाठी. थर्मोस्टॅट तापमान पाहून वीज चालू-बंद करतो आणि ते तापमान त्याला तारेच्या टोकाचा प्रोब मोजून देतो. त्याच्यासाठी लिहितो, कारण बाकी सगळे नीट करून मी नेमका तोच नीट बांधला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात मुलांना घेऊन गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो होतो. घरी पेटीखाली २० वॉटची हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) चालू होती, थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला होता आणि प्रोब मॅटला साध्या चिकटपट्टीने डकवलेला होता. मॅटच्याच उष्णतेने पट्टीचा गोंद मऊ पडला, प्रोब सुटून टेबलाखालच्या गार हवेत लोंबत राहिला आणि थर्मोस्टॅटला तिथले १९ अंश दिसत असल्याने त्याने इमानेइतबारे मॅट तापवतच ठेवली. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. सापाने पेटीत अंथरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उकरून थेट काचेवर वेटोळे घातले होते, आणि पोटाला चटका बसत असला तरी साप वेळेवर सरकेलच असे नसते. आम्ही परतलो तेव्हा काच ४६ अंशांवर होती. पोटाचे खवले तपकिरी पडले, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर गाठायला पुण्याला जावे लागले आणि तीनदा कात टाकल्यावर कुठे डाग पुसट झाले.

म्हणून प्रोब आधी बांधा, मग पुढचे वाचा. मॅट पेटीच्या तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून लावावी, आणि पेटीला चार कोपऱ्यांत अर्धा इंच उंचीचे पाय द्यावेत, नाहीतर कोंडलेल्या उष्णतेने काच तडकू शकते. प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये, मॅटच्या मधोमध ठेवून ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने डकवावा आणि त्याची तार टेबलाच्या पायाला केबल टायने आवळावी, म्हणजे झाडताना तार ओढली गेली तरी तो ताण प्रोबपर्यंत पोहोचणार नाही. पेटीच्या आत मात्र कोणतीही चिकटपट्टी लावू नका. साप तिला चिकटतो आणि सोडवताना त्याची कातडी फाटते. प्रोब आतच हवा असेल तर मत्स्यटाकीच्या सिलिकॉनने बसवून, वास पूर्ण जाईपर्यंत निदान दोन दिवस वाळू द्यावा, आणि त्यावर पाणी फवारू नये, कारण ओला प्रोब खऱ्यापेक्षा गार आकडा दाखवतो व मॅट जास्त तापते. म्हणजे पुन्हा तीच चूक, वेगळ्या वाटेने.

उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश, थंड बाजू २५ ते २७ अंश आणि रात्री कुठेही २४च्या खाली नाही, हे आकडे गाठायचे आहेत. थर्मोस्टॅटवर लिहिलेल्या अंकावर विसंबू नका. कोकोपीट बाजूला सारून उघड्या काचेवर मोजा, कारण साप उकरणारच. त्यासाठी कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक लागते. कोरोनात कपाळावर धरलेली येथे कामाची नाही. परवडत असेल तर मॅटची वीज आणखी एका थर्मोस्टॅटमधून न्यावी, तो २ अंश वर लावावा आणि त्याचा प्रोब वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या पद्धतीने बांधावा. दोन्ही प्रोब एकाच पट्टीखाली डकवणाऱ्याने दुसऱ्या यंत्राचे पैसे वाचवलेले बरे.

सोलापुरात मॅटची खरी गरज डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींना आहे. तेव्हा पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून घरचीच जाड चादर गुंडाळावी. काचेतून जाणारी ऊब बरीच अडते. मॅटखाली मात्र चादर सरकवू नये. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो: मॅट बंद असूनही पत्र्याखालची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि तेवढी उष्णता या सापाला धोक्याची आहे. पेटी आतल्या खोलीत, जमिनीलगत ठेवावी. कूलर चालू असेल तर उत्तम, पण झोत थेट पेटीवर नको.

ओल ६० ते ८० टक्के हवी, आणि आपल्याकडे ती आपोआप मिळत नाही. खोलीतली २५ अंशांची ४० टक्के ओलावा असलेली हवा पेटीत ३२ अंशांवर गेली की तोच ओलावा जेमतेम २७ टक्के भरतो, कारण गरम हवेची पाणी सामावण्याची क्षमता वाढते. दर तासाला फवारा मारणे हा त्यावर उपाय नाही. आकडा वर जातो, लगेच उतरतो आणि वरचा थर ओला राहून पोटाचे खवले कुजतात. नर्सरीतले कोकोपीट भिजवून, पिळून चार इंच जाडीने पसरावे, पाणी कोपऱ्यांतून तळाशी सोडावे आणि वरचा थर कोरडा राहू द्यावा. जाळीचे झाकण दोन तृतीयांश झाकावे, सगळे नाही. नळाला रोज पाणी येत नसेल तर पेटीपुरती एक कळशी बाजूला भरून ठेवावी. काचेला चिकटवायची गोल काट्याची आर्द्रतामापके घेऊ नका. डिजिटल घ्या आणि तेही तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, सकाळी ७५च्या आसपास आकडा दिसायला हवा.

राहिलेले थोडक्यात. वीज गेल्यास मॅट इन्व्हर्टरवर चालावी. देवदार-पाइनचा भुसा नको. रिकामी पेटी निदान आठवडाभर चालवून सकाळ-रात्रीचे आकडे वहीत लिहावेत. साप आल्यावर पहिला आठवडा त्याला हात लावू नये आणि खाऊ घालण्याची घाई करू नये. आणायला निघण्यापूर्वी, चपला घालून झाल्यावर, टेबलाखाली हात घालून प्रोबची तार एकदा ओढून पाहा. प्रोब जागचा हलला, तर त्या दिवशी जाऊ नका.