जुन्या गाडीच्या रिमोट चावीचं काय करायचं

रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला तरी दार उघडत नाही ना भो, मग लगेच नवी चावी घ्यायला पळू नका, आधी सेल बदला. बऱ्याच रिमोटात सीआर२०३२ नाहीतर सीआर२०१६ असतो, नंबर सेलवरच असतो अन घड्याळवाल्याकडे मिळून जातो. दोघांचा घेर सारखा पण जाडी वेगळी, म्हणून जुना सेल सोबत न्या. आणि चावी डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडीत सेलची वाट लागते.

नुसतं कव्हर तुटलं असेल तर फ्लिप चावीचं (पातं दुमडून आत जातं ती) रिकामं कव्हर घ्या, त्याचं पातं जुन्या चावीसारखं कापून घ्या अन जुनं सर्किट त्यात बसवा. पण जपून, बऱ्याच चाव्यांत इमोबिलायझरची (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) बारीकशी काळी चिप सर्किटपासून वेगळी, प्लास्टिकच्या खाचेत चिकटवलेली असते, ती जुन्या कव्हरात राहिली की दार मस्त उघडतं पण गाडी काही चालू होत नाही. ब्लेडने हळूच काढा, तुटली तर खर्च वाढला समजा.

मुळात रिमोटच नसेल तर बाहेरचं सेंट्रल लॉकिंग किट बसतं, फक्त वायरिंगला फ्यूज आहे का ते उभं राहून बघा. चावी हरवली असेल तर नवी करायला जाताना आरसी बुक न्या, आणि उरलेली चावीपण न्या, कारण काही गाड्यांत नवी प्रोग्राम करताना जुनी गाडीच्या मेमरीतून उडते.