आधी श्वास सोडायला शिका

प्राणायाम शिकायला आलेल्या माणसाचं बोट पहिल्याच दिवशी नाकपुडीवर जातं, नाहीतर तो पोट हापसायला लागतो. टीव्हीवर कपालभाती पाहिलेली असते ना! यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सकाळच्या वर्गाला येणाऱ्या बायामाणसांना मी सुरुवातीचे काही आठवडे यातलं काहीच करू देत नाही. मलाही असंच शिकवलं गेलं, आणि तीच वाट बरोबर आहे असं मी आज ठामपणे सांगते.

माझे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. समाजमंदिरात सतरंजीवर उताणं झोपवायचे आणि बेंबीवर तुरीच्या डाळीची अर्धा किलोची पुरचुंडी ठेवायचे. श्वास घेतला की पुरचुंडी वर, सोडला की खाली, एवढंच पाहायचं. नव्या माणसाची पुरचुंडी जागची हलत नाही, छाती आणि खांदे तेवढे वर जातात. गुरुजी म्हणायचे, "घाई कायले करतं बाई? सोड हळूहळू, घेणं आपोआप होते."

यामागचं कारण समजून घेतलं की कंटाळा येत नाही. फुप्फुसांच्या खाली स्नायूंचा पडदा असतो. तो खाली सरकला की हवा आत येते आणि पोट फुगतं. साध्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० च्या आसपास नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही. श्वास जितका उथळ, तितका त्यातला वाया जाणारा वाटा मोठा. आता मनगटावरची नाडी धरून बसा: श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं लांबवायचं. मनात तीन आकडे घेताना, चार सोडताना. जमलं की चार आणि सहा. दम लागला किंवा पुढचा श्वास ओढून घ्यावासा वाटला, तर आकडा कमी करा.

बसण्याचंही असंच. निंदणाला उकिडवं बसणाऱ्या बाईला मांडी सहज घालता येते, पण मांडीत कंबर मागे कलते आणि पोट दाबलं जातं. बुडाखाली पोतं दुहेरी-तिहेरी घडी करून घ्या, पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्या. आसन स्थिर झाल्यावर प्राणायाम, हा क्रम पतंजलींच्या योगसूत्रातच (२.४९) आहे.

हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाचा दुसरा उपदेश, म्हणजे अध्याय, मात्र प्रत्येकाने अर्थासकट वाचावा. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं तिथे म्हटलंय. टिपेश्वरच्या वाघांच्या जंगलाला लागून ज्याचं वावर आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच उपदेशात कपालभाती षट्कर्मांत येते, म्हणजे शुद्धिक्रियांत. आठ कुंभकांत, म्हणजे श्वास कोंडण्याच्या प्रकारांत, तिचं नाव नाही.

यानंतर नाडीशोधन. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद, डावीने घ्या. अनामिका-करंगळीने डावी बंद, उजवीने सोडा. मग उजवीने घेऊन डावीने सोडा. कुंभक मात्र शिक्षकाशिवाय करूच नका. भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, सोपी आहे आणि म्हाताऱ्या माणसांना फार आवडते.

मे महिन्यात शीतलीची आठवण सगळ्यांनाच येते. जिभेची नळी करून त्यातून हवा घ्यायची. ज्यांना नळी जमत नाही त्यांनी दातांमधून, म्हणजे सीत्कारी. पण तोंडाने घेतलेली हवा नाकात गाळली जात नाही. त्यामुळे कापसाच्या जिनिंगजवळ, चुलीच्या धुरात, सर्दी-खोकल्यात ती नको. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया पहाटेच वावरात जातात, तेव्हा आम्ही संध्याकाळी, जेवणाआधी बसतो. पोट रिकामं हवं, जेवून तीन-चार तास तरी झालेले हवेत.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. फवारून आल्यावर मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छाती भरल्यासारखी वाटली, तर प्राणायामाला बसायचं नाही. अंगावरचे कपडे काढा, आंघोळ घाला आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

पुढे शिकवायचंच असेल, तर रामटेकच्या कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयात योगाचे अभ्यासक्रम आहेत. नागपूरला रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही असते. नोकरीसाठी तो कागद कामी येतो. जवळच्या गावात कुणी शिकवत असेल, तर आधी एक दिवस नुसतं जाऊन बसा. बीपी, हर्निया, फिट, पोटाचं ऑपरेशन, दिवस गेलेत का, हे न विचारता जो सगळ्यांना सरसकट कपालभातीला बसवतो, त्याच्याकडे नाव घालू नका.