खिडकी नवी उघडू नका, जुनी लावू नका

माझा भाचा पुण्याला असतो. मागच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मावशी, डीपीवरचा क्रूस काढू का?" ऑफिसात कुणीतरी टोमणा मारला होता. त्याच दिवशी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर कुठल्याशा प्रार्थनाघराच्या तोडफोडीचा व्हिडिओ आला होता, आणि बायकोचं म्हणणं होतं की घरसभा, म्हणजे घरी जमून करायची प्रार्थना, आता काही महिने बंदच ठेवू. मी म्हटलं, झोप आता, सकाळी बोलू. रात्री साडेदहानंतर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, हा माझा पहिला नियम.

सकाळी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. चौतीस वर्षं नर्स होते, आता घरी असते. आजोबा नगरकडून इंदूरला गिरणीत कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, मंडळीत हिंदी. लहानपणी उपासनेनंतर म्हातारी माणसं एकमेकांना "सलाम" म्हणायची, आता "जय मसीह की" ऐकू येतं. इंदूरला मिशनचं काम 1877 मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी सुरू केलं, त्यामुळे आपण काही काल आलेलो नाही, एवढं मनात असू द्यावं. मात्र ते कुणाला ऐकवायला वापरू नये.

बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय सगळ्यांना पाठ असतो, पण सिंहाच्या गुहेपासून पुढचा. त्याच्या आधीचं एक वाक्य बघा. तीस दिवस राजाखेरीज कुणाकडे काही मागायचं नाही असा हुकूम निघाला. दानीएल घरी गेला, यरुशलेमेच्या बाजूच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि तो दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला, पूर्वी करत असे तशीच. मला त्यातला "पूर्वी करत असे तशीच" हा तुकडा फार मोलाचा वाटतो. हुकूम निघाला म्हणून त्याने नवी खिडकी फोडली नाही, भोंगा लावला नाही. आणि होती ती लावूनही घेतली नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, आधी वहीत लिही, तुझं "पूर्वी" काय होतं? गंमत अशी की त्याच्याकडे लिहायला फारसं काही नव्हतं. रविवारची उपासना, महिन्यातून एकदा घरसभा आणि तो डीपी. रोजची प्रार्थना गाडी चालवता चालवता. मग सिग्नल लागला की आमेन. अशा माणसाला डीपी गेला की सगळंच गेल्यासारखं वाटणार.

तेव्हा सुरुवात वेळेपासून करा. माझी वेळ पहाटे सव्वापाचची. इंदूरला दुसरं घड्याळ लागत नाही, सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते. 2017 पासून कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेलं शहर आहे हे, गाडी चुकवून चालत नाही. ओला डबा, सुका डबा घेऊन दारात उभं राहायचं. त्याआधी माझं बायबलातलं स्तोत्र वाचून झालेलं असतं. रोज एक, तेही मोठ्याने, कारण मनात वाचलं की डोळे पुढे सरकतात आणि मन सिंकमधल्या भांड्यांत राहतं. दीडशे स्तोत्रं पाच महिन्यांत होतात, मग पुन्हा पहिल्यापासून. 119वं मात्र मी आठवडाभर पुरवते. लांबलचक प्रार्थना करायला जाऊ नका. पाच नावं घ्या, नावानिशी. "सर्व आजारी लोकांना बरं कर" ही प्रार्थना मला नर्स असल्यामुळे कधी पटली नाही. वॉर्डात "सर्व आजारी" नसतात, बारा नंबरचा आजोबा असतो.

आणि रडगाण्याची स्तोत्रं गाळू नका. आपल्याकडे 23, 91 आणि 121 या धीर देणाऱ्या स्तोत्रांचीच चलती आहे. खरं तर स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. एप्रिल 2021 मध्ये माझे मिस्टर कोरोनाने गेले. ज्या आजारात मी इतरांच्या घरच्यांना धीर दिला, त्याच आजारात मला त्यांच्याजवळ जाता आलं नाही. कबरस्थानात आम्ही चौघंच होतो. पाळकसाहेब स्वतः तापाने पडले होते, त्यांनी फोनवरून प्रार्थना केली. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलाने स्पीकरवर धरला होता. पिशवीच्या चुरचुरीत अर्धे शब्द ऐकूच आले नाहीत. त्या दिवसापर्यंत कितीतरी जणांनी मला 91वं स्तोत्र पाठवलं होतं, तेच ते, मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही वालं. मी फोन उलटा ठेवून दिला.

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याच्याने फक्त 13वं वाचवलं. सहा वचनं आहेत, आणि सुरुवातच "कोठवर" अशी. पहिली दोन वाचायची आणि पुस्तक मिटायचं. शेवटच्या वचनात गाणं आहे, ते म्हणायला मला पावसाळा उजाडला. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी गोड काही नाही. तेही शास्त्रातच ठेवलंय ना कुणीतरी? तेव्हा दुःखाच्या दिवसांत तोंडावर हसू आणून "प्रभूची स्तुती असो" म्हणणं याला मी विश्वासूपणा मानत नाही. रोजच्या वेळेला रोजच्या जागी बसणं, भांडायला का होईना, हे मानते. आणि अशा माणसाला भेटायला जाल तेव्हा वचन पाठवण्याऐवजी पोळी-भाजी घेऊन जा. प्रार्थना करायचीच तर दोन मिनिटं, आणि विचारून.

आता फोन. ग्रुपवर हल्ल्याचा व्हिडिओ आला की तीन गोष्टी: रात्रभर थांबा, त्या भागातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करा, आणि खात्री नसेल तर पुढे ढकलू नका. भाच्याने ज्यावरून एवढा धसका घेतला होता तो व्हिडिओ कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला, गावही दुसरंच. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा अंगठ्यालाही लागू आहे. याचा अर्थ हल्ले होत नाहीत असा नाही. होतात. म्हणूनच खऱ्या बातमीची किंमत खोटीने घालवू नये.

शेजाऱ्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या मते निम्मा विश्वासूपणा जिन्यात असतो.

आमच्या लहानपणी समोर एक मराठी ब्राह्मण कुटुंब होतं. गणपतीत त्या काकूंकडून मोदक यायचे. आई प्रसाद घ्यायची नाही. बायबलात करिंथकरांच्या पहिल्या पत्रात मूर्तीच्या नैवेद्याबद्दल जे आहे त्यावर आपल्यातच दोन मतं आहेत. कुणी म्हणतं खायला हरकत नाही, कुणी म्हणतं शिवूही नये. आईने वाद घातला नाही, आणि मोदक घेऊन मागच्या मागे कामवालीला दिले, असंही केलं नाही. एकदा सरळ जाऊन म्हणाली, "वहिनी, मला प्रसाद चालत नाही, पण तुमच्या हातचे मोदक फार आवडतात. काय करू?" काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग पुढच्या वर्षी चतुर्थीला सकाळी, आरतीच्या आधी, झाकलेल्या वाटीत पाच मोदक आले. "नैवेद्याआधी बाजूला काढलेत. आमच्यात असं काढत नाहीत, पण तुमच्यासाठी काढले." केवढा नियम मोडला होता त्या बाईने! आईनेही वाटी रिकामी पाठवली नाही. नाताळात आमच्या करंज्या, चकल्या, शंकरपाळे त्याच घरात आधी जायचे, आणि आई चतुर्थी-एकादशी बघून डबा पाठवायची, म्हणजे काकूंच्या उपासाच्या दिवशी जाऊन पडायला नको.

यातून करायचं काय, तर जे तुम्हाला चालत नाही ते आधीच, शांतपणे, हसून सांगून टाका. आयत्या वेळी तोंड चुकवलं की समोरच्याला तो तिरस्कार वाटतो. आणि चालतं ते भरभरून करा. दिवाळीचा फराळ घ्या, लग्नाला जा, तिरडीला खांदा द्या. दुसऱ्याच्या देवाबद्दल वाकडं बोलू नका, आपल्या माणसांतही नाही. आपल्यातले काही भाषणबहाद्दर हे करतात आणि निस्तरावं लागतं गल्लीत राहणाऱ्यांना.

कायदाही माहीत हवा. बायबलातल्या प्रेषित पौलाने फिलिप्पैत आणि यरुशलेमेत आपण रोमी नागरिक आहोत हे ठणकावून सांगितलं होतं, त्यात त्याचा विश्वास कमी पडला नव्हता. संविधानाचं कलम 25 आपल्याला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. पण मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार करणं म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्याकडे 1968 पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, 2021 मध्ये नवा आणि जास्त कडक आला. बळजबरी, फसवणूक, आमिष यांनी केलेलं धर्मांतर गुन्हा आहे. तुमच्या राज्यात काय आहे ते वकिलाला विचारा, यूट्यूबवरच्या भाऊंना नको.

घरसभा बंद करू नका, पण उघडपणे घ्या. चपला दाराबाहेर, पडदा सरकवलेला, आवाज शेजाऱ्याच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला त्रास होणार नाही इतका. कुणी दारात येऊन जाब विचारला तर एकानेच बोलायचं, आणि ते सर्वांत तापट माणसाने नाही. त्याला आत मुलांबरोबर बसवा. हुज्जत नको, धक्काबुक्की नको, न वाचता कशावर सही नको. 112 लावा. पाळक आणि वकील यांचे नंबर कागदावर फ्रिजला चिकटवलेले असावेत, कारण अशा वेळी फोन हातात राहीलच असं नाही. तक्रार तुम्ही दिलीत तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. कुणाला अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, वकील मिळतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. हे कलम 22 मध्ये आहे.

आमिषाच्या बाबतीत मी आपल्याच माणसांशी कडक आहे. मदत आणि प्रार्थना एका ताटात वाढू नका. ड्यूटीवर, युनिफॉर्ममध्ये असताना मी कधीही पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली नाही, मागितली तरी नाही. पलंगावर पडलेला माणूस नर्सला नाही म्हणू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं हो काय कामाचं? नावं मनात घेऊन घरी यायचे आणि सव्वापाचला मांडायचे.

एवढं करूनही माझ्यावर तक्रार झालीच. बरोबरच्याच एका सिस्टरने केली, की मी पेशंटना बाटवते. चौकशी झाली, काही निघालं नाही, पण चार महिने जेवणाच्या खोलीत माझ्या टेबलावर मी एकटी. तेव्हा मला राणी मारियांची आठवण यायची. केरळच्या या सिस्टर इंदूरजवळ उदयनगरला भूमिहीन आदिवासींमध्ये काम करत. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांची सख्खी बहीणही नन. तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो पुढे सुटला आणि त्या घरचाच झाला. 2017 च्या नोव्हेंबरात इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा आम्ही प्रोटेस्टंट मंडळीतल्या चौघी बायकाही गेलो होतो.

मला राखी जमली नाही, हे सांगून टाकते. मला जमलं ते एवढंच: पाच नावांत सहावं नाव तिचं घालायचं. पहिले कित्येक महिने नाव तोंडातून निघेना, "ती" म्हणायचे. मग नाव म्हणता येऊ लागलं. आमची मैत्री झाली नाही. भेटली की कशी आहेस विचारते, तीही विचारते. तुमच्याकडून याहून जास्त होत असेल तर करा, पण जेवढं खरं असेल तेवढंच. क्षमेचं नाटक पेशंटच्या खोट्या टेंपरेचरसारखं असतं, चार्टवर छान दिसतं आणि आत पू साठत राहतो.

आणि तो डीपी? भाच्याला म्हटलं, काढलास तर ख्रिस्त नाकारलास असं मी म्हणणार नाही, माझ्या डीपीवर तर नातीचा फोटो आहे. पण भीतीने काढणार असशील तर उद्या आणखी काय काढशील ते आधी वहीत लिही. त्याने अजून काढलेला नाही. सकाळी पाऊण तास आधी उठतो म्हणतो, बायकोने दुजोरा दिलाय. नाताळात इकडे येणार आहेत दोघं. येताना खोबऱ्याच्या चार वाट्या आण म्हणून सांगितलंय, करंज्यांना मला तिकडचंच खोबरं लागतं. समोरच्या घरी आता काकूंची सून असते, तिचा डबा आषाढापासून माझ्याकडेच पडून आहे.