पुल्ड पोर्क शिजल्यावर कोरडं पडू नये म्हणून काय करायचं

पुल्ड पोर्क (डुकराच्या खांद्याचं मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवून मग हाताने ओढून सुटं केलेलं) शिजवायचं कसं यावर सगळेच भरभरून बोलतात, रब (म्हणजे वरून चोळायचा मसाला) कुठला, लाकूड हिकरीचं की सफरचंदाचं, फॉइल कधी गुंडाळायचं वगैरे वगैरे, पण दहा-बारा तास राबून केलेलं पोर्क पाहुण्यांच्या ताटात पडेपर्यंत कोरडंठाक का होतं यावर फारसं कोणी बोलत नाही. आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनात मराठी मंडळींच्या बॅकयार्ड पार्ट्यांमध्ये हे आता सर्रास असतं (श्रावण सोडून, आणि काही घरांत श्रावणातही, नावं घेत नाही), आणि बहुतेक वेळा शिजवणं चांगलंच झालेलं असतं, वाट लागते ती स्मोकरमधून (धुरावर शिजवायच्या भट्टीतून) काढल्यानंतरच्या तीन-चार तासांत. म्हणून इथे फक्त त्या तीन-चार तासांबद्दल आणि उरलेल्याबद्दल लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपण जो तुकडा घेतो, बॉस्टन बट, तो डुकराच्या खांद्याचा वरचा भाग, हाडासकट साधारण ८ ते १० पाउंडांचा. त्यात चरबी भरपूर आणि कोलॅजनही (मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) भरपूर. तो १९५ ते २०५ डिग्री फॅरनहाइटपर्यंत नेतो कारण तिथपर्यंत जाताना कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि रेषे सुटे होतात. पण एवढ्या तापमानाला रेष्यांमधलं स्वतःचं पाणी बरंचसं पिळून बाहेर गेलेलं असतं! मग खाताना जो रसरशीतपणा लागतो तो येतो कुठून, तर रेष्यांवर चढलेल्या जिलेटिनमधून आणि चरबीतून. पाया सूप फ्रिजमध्ये ठेवल्यावर कसं थिजतं, तीच ही भानगड. तो चिकट रस मांसावर राहिला तर पोर्क मऊ लागतं, तो पॅनच्या तळाशी राहिला आणि तुम्ही सिंकमध्ये ओतून दिलात तर मग वरून कितीही बार्बेक्यू सॉस ओता, काही उपयोग नाही. (आणि चरबी नको म्हणून कोणी लॉइन (पाठीचा कमी चरबीचा तुकडा) आणून त्याचं पुल्ड पोर्क करत असेल तर त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यात कोलॅजन अगदीच कमी, आपण परत काय घालणार कपाळ.)

तर पोर्क तयार झालं, प्रोब (थर्मामीटरची सुई) लोण्यात गेल्यासारखा आत जातोय. आता लगेच ओढायला घेऊ नका. फॉइलमध्ये गुंडाळलेलं असेल तर फॉइल वरून उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या, नाहीतर गुंडाळलेल्या गरमीत ते आत शिजतच राहतं आणि लगदा होतो. साधारण १८० पर्यंत (पुढचे तापमानाचे आकडेही फॅरनहाइटमध्येच) उतरलं की परत घट्ट गुंडाळा, जुना टॉवेल लपेटा आणि रिकाम्या कूलरमध्ये ठेवा, हो तोच बिअर-बर्फाचा कूलर, फक्त आधी त्यात गरम पाणी ओतून थोडा वेळ ठेवून ओतून टाका म्हणजे कूलर स्वतः गार राहत नाही. अख्खा तुकडा असा तीन-चार तास आरामात गरम राहतो. प्रोब आत खुपसलेलाच राहू द्या आणि आकडा १४०च्या खाली जाऊ देऊ नका, त्याच्या खाली बॅक्टेरियांची चंगळ सुरू होते. ओव्हन १७०वर ठेवता येत असेल तर गुंडाळलेलंच तिथे ठेवलं तरी चालतं.

या सगळ्याचा मुद्दा काय, तर अख्खं असताना पोर्क जितका वेळ टिकतं तितकं ओढल्यावर अजिबात टिकत नाही. ओढलं की शेकडो बारीक धागे हवेला उघडे पडतात, प्रत्येकातून वाफ जायला लागते. पाहुणे सातला जेवणार असतील आणि तुमचं पोर्क तीनलाच झालं असेल तर तीनला ओढून "काम संपवून" ठेवायचा मोह होतो, तो आवरा. सहा-सव्वासहाला ओढा. आपल्या लोकांचे सात म्हणजे साडेआठ हे धरून काय ते तुम्हीच ठरवा.

आता रस. फॉइल उघडताना खाली मोठं पॅन धरा आणि सगळा रस एका काचेच्या मेजरिंग कपात काढा. पाच-दहा मिनिटांत चरबी वर येते, ती चमच्याने काढा किंवा फॅट सेपरेटर असेल तर उत्तम. सगळी टाकू नका, दोन-तीन चमचे चरबी रसात परत घालायची, बाकीची डब्यात भरून फ्रिजमध्ये, पुढे लागणार आहे. रस चाखून बघा, रबमधलं मीठ सगळं तिथे उतरलेलं असतं त्यामुळे कधी कधी फार खारट असतो, मग बिनमिठाचा चिकन स्टॉक किंवा थोडा अ‍ॅपल ज्यूस घालून ताळ्यावर आणा. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेच्या प्रेशर कुकरमध्ये) केलं असेल तर उलटा प्रॉब्लेम, रस ढीगभर पण पाणचट, तो उघड्या पातेल्यात उकळून निम्मा करा, बोटांना चिकट लागायला लागला की झालं. आणि स्मोकरवर शेवटपर्यंत न गुंडाळता केलं असेल तर रस बहुतेक निखाऱ्यात गेलेला असतो, पुढच्या वेळी जाळीखाली थोडं पाणी घालून एक पॅन ठेवत जा. आज हाताशी काहीच नसेल तर एक कप स्टॉक घ्या, बिनचवीच्या जिलेटिनची एक पुडी थोड्या गार पाण्यात भिजवा आणि त्या गरम स्टॉकमध्ये विरघळवा. अगदी तोच स्वाद येत नाही पण काम भागतं.

ओढताना हात वापरा. आत सुती हातमोजे आणि वर डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज घातले की चटके बसत नाहीत. हाड आधी काढा, नीट शिजलं असेल तर ते नुसतं धरून ओढल्यावर स्वच्छ पांढरं होऊन हातात येतं, मांसाचा कण लागलेला नसतो. मग चरबीचे मोठे गोळे आणि शिरा काढून टाका, आणि मांसाचे बोटाएवढे जाड तुकडे करा, बस्स. आपल्याकडे हौसेने इतकं बारीक ओढतात की शेवटी सुताचा गुंता होतो, तो जिभेवर कोरडाच लागणार. स्टँड मिक्सरमध्ये पॅडल लावून अर्ध्या मिनिटात ओढायचे व्हिडिओ फिरतात ते मला तरी पटत नाहीत, वेळ वाचतो पण लापशी होते. बाहेरची काळपट खरपूस साल, ज्याला बार्क म्हणतात, ती सुरीने बारीक चिरून सगळ्यात सारखी मिसळा कारण निम्मी चव त्यातच असते, आणि ती एकाच्याच ताटात गेली तर बाकीचे बिचारे फिकट खातात. इथे लेक्सिंग्टनला (नॉर्थ कॅरोलायनातलंच बार्बेक्यूसाठी गाजलेलं गाव) तर लोक काउंटरवर "आउटसाइड ब्राउन" मागून घेतात, म्हणजे हीच बाहेरची साल वेगळी. आणि ईस्टर्न कॅरोलायनात ओढण्याऐवजी कोयत्यासारख्या जड सुऱ्यांनी चिरतात, एडन गावच्या स्कायलाइट इन या रेस्टॉरंटमध्ये (१९४७ पासून चालू आहे) अख्खं डुक्कर भाजून कुरकुरीत कातडीसकट लाकडी ठोकळ्यावर चिरलेलं मिळतं, ते खाल्लं की चिरलेलं बारीक पोर्क कोरडं असतंच असं नाही हेही कळतं, फक्त त्यात चरबी आणि व्हिनेगर तिथल्या तिथे मुरवलेलं असतं.

मग मिसळणं. ८ पाउंडांच्या कच्च्या तुकड्यातून हाड, चरबी, पाणी जाऊन साधारण निम्मं, चारेक पाउंड खायचं पोर्क हाती येतं. त्यावर एक कप गरम रस थोडा थोडा करून शिंपडा, हलक्या हाताने खालीवर करा, दोन मिनिटं थांबा, पोर्क तो पिऊन घेतं, मग लागला तर आणखी. तळाशी थोडासा रस दिसत राहिला पाहिजे पण तरंगायला नको. मिठाची चव आत्ता घ्या.

यानंतर व्हिनेगर. ईस्टर्न कॅरोलायनाचा सॉस म्हणजे आपल्यासाठी हातचा मळ: एक कप अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, एक टेबलस्पून ब्राउन शुगर, दोन टीस्पून लाल मिरचीचा जाडसर चुरा, एक टीस्पून मीठ, अर्धा टीस्पून काळी मिरी. शिजवायचं नाही, बाटलीत घालून हलवायचं, आदल्या दिवशी केलं तर जास्त छान. चार पाउंडांना यातलं पाव ते एक तृतीयांश कप पुरतं. आंबट लागण्यासाठी हे घालत नाहीत, इतक्या चरबीत जीभ जड होते ती मोकळी करायला घालतात, मग पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. लेक्सिंग्टनवाले यातच थोडं केचप घालतात आणि त्याला डिप म्हणतात, साउथ कॅरोलायनाच्या मधल्या पट्ट्यात पिवळ्या मस्टर्डचा सॉस असतो, आणि यावरून इथली माणसं जितकी भांडतात तितकं आपण पुणे-कोल्हापूर मिसळीवरून भांडतो. गोव्याकडच्या मंडळींना पोर्क आणि व्हिनेगरचं नातं समजवायला नको, सोरपोटेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का रंगतं ते त्यांना ठाऊक आहे.

दोन सूचना मात्र. व्हिनेगर एकदम जास्त घालून तासन्‌तास गरम ठेवू नका, पोर्क भुसभुशीत होत जातं. आणि तो दाट गोड टोमॅटोचा बाटलीतला सॉस पूर्ण पोर्कमध्ये कालवू नका, टेबलावर बाजूला ठेवा. तो गरम पॅनच्या कडांना करपतो, धाग्यांवर थर बसतो, आणि दहा तासांच्या धुराचा वास त्याखाली गाडला जातो. कोणाला तसंच आवडत असेल तर घेईल की वरून.

पार्टीत गरम ठेवायला स्लो कुकर सगळ्यात सोपा, पण "वॉर्म"वर, "लो"वर नाही, "लो" म्हणजे परत शिजवणंच. तळाशी थोडा रस, मग पोर्क, झाकण बंद. प्रत्येक जण येऊन झाकण उघडून ढवळून जातो ते थांबवा, दर ढवळण्याला धागे मोडतात आणि वाफ जाते. फॉइलच्या मोठ्या ट्रेमध्ये मांडणार असाल तर सगळं एकदम उघड्यावर मांडू नका, थोडं थोडं बाहेर आणा आणि बाकीचं झाकून आत गरम राहू द्या. उघडा ट्रे जाळीवर ठेवून खाली नुसती आच दिली तर वीस मिनिटांत वरचा थर तपकिरी वाळका होतो, खालच्या पॅनमध्ये पाणी हवंच. आणि गरम ठेवायची सोय नसेल तर बाहेर दोन तासांच्या वर नाही, इथल्या जुलैत ९०च्या वर असेल तर एकच तास, मग फ्रिजमध्ये.

आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर बिनधास्त करा, फक्त ओढून, रसात मिसळून, दोन इंचांपेक्षा जाड थर होणार नाही अशा पसरट भांड्यांत भरा म्हणजे पटकन गार होईल. मोठ्या पातेल्यात ढीग ठेवला तर मध्ये रात्रभर कोमट राहतो. प्लास्टिक रॅप पोर्कला चिकटून लावा. फ्रिजमधल्या मांसाला जो एक शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो तो चरबीला हवा लागल्याने येतो, त्यामुळे हवा जितकी कमी तितकं बरं. तीन-चार दिवस छान राहतं.

गरम करताना ओव्हन ३००वर, वर घट्ट फॉइल, थिजलेल्या रसाचे तुकडे वर पसरलेले, दोन चमचे स्टॉक किंवा पाणी, आणि मध्यभागी १६५ होईपर्यंत. मोठ्या ट्रेला पाऊण-एक तास लागतो. गार पोर्क थेट स्लो कुकरमध्ये टाकून गरम करू नका, फार वेळ कोमट राहतं, आधी ओव्हनमध्ये तापवून मग तिकडे. एका माणसापुरतं असेल तर मायक्रोवेव्ह चालतो, निम्म्या पॉवरवर, झाकून, चमचाभर रस घालून.

फ्रीझरसाठी एक-एक पाउंडाच्या झिपलॉक पिशव्या, रसासकट, चपट्या करून. पिशवीचं उघडं तोंड पाण्याच्या वर धरून बाकीची पिशवी पाण्यात बुडवत नेली की हवा आपोआप बाहेर जाते, मग तोंड बंद. दोन-तीन महिने चव टिकते, आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा.

आणि समजा इतकं करूनही कोरडं झालंच, कोणाकडून तरी उरलेलं डब्यात आलं वगैरे, तर ते परत पहिल्यासारखं करायच्या नादी लागू नका. बिडाच्या तव्यावर ती राखून ठेवलेली चरबी चमचाभर तापवा, पोर्क पातळ पसरा, दोन-तीन मिनिटं अजिबात न हलवता एक बाजू कुरकुरीत होऊ द्या, मग रसाचा किंवा स्टॉकचा एक चमचा मारून लगेच उतरवा. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये लादी पाव मिळतो, तो त्याच तव्यावर त्याच चरबीत भाजून घ्या, मला तर बनपेक्षा तोच आवडतो कारण बन गोड असतो. वर कोबीचं स्लॉ (कच्च्या कोबीची कोशिंबीर) हवंच, मेयोचं नको, लेक्सिंग्टनसारखं केचप-व्हिनेगरवालं लाल करा. ते मात्र खायच्या वेळीच घाला, आधी भरून ठेवलं तर पाव खालून भिजून हातात तुटतो.